मी न खाल्लेला रोस्ट

मी बीफ खात नाही. आजवर खाल्लं नाही आणि पुढेही खाईन असं वाटत नाही. इचलकरंजीला आमच्या घरी रविवारी मटण शिजायचं, त्यापलीकडे आमच्या घराण्याची मजल गेली नाही. पण खांद्याच्या मांसाचा एक मोठा तुकडा बिडाच्या भांड्यात, मंद ओव्हनमध्ये ठेवला, तर तो मध्येच कधी दगडासारखा होतो, मऊ पडायला कधी लागतो, बटाटे कधी घालायचे आणि बाहेर काढल्यावर किती वेळ त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आईला हे अजून माहीत नाही.

हे ज्ञान मला दिलं ते इथे परदेशात, एटोबिकोमधल्या माझ्या घरमालकांनी. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे आणि ते वर एकटे. मूळचे वसईचे, कॅथलिक, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पहिल्या दिवशी मी त्यांना काका म्हटलं. पिकलेले केस, घरात मराठी, मग दुसरं काय म्हणणार? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काका म्हटलं की भाडं कमी करावं लागतं," ते म्हणाले. "अंकल म्हण."

तेव्हापासून ते अंकल.

विमानतळाजवळ विमानांसाठी जेवण बनवणारं एक भलंमोठं किचन होतं. अंकलनी आयुष्यभर तिथेच नोकरी केली. "चिकन की पास्ता, एवढंच तुम्हाला विचारतात ना? त्या प्रश्नाच्या मागे मी उभा असायचो," असं ते सांगायचे. तिथे सगळं घाईत शिजायचं, घाईत गार व्हायचं आणि घाईत आकाशात जायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता आपण असं काहीतरी शिजवायचं, ज्याला घाई केलेली चालतच नाही. त्यांनी पॉट रोस्ट धरला तो असा. बाकी काही त्यांना धड येत नव्हतं. भात लागायचा, अंडं फुटायचं, चहा तर असा असायचा की मी कुंडीत ओतायचे आणि कुंडीतलं झाडही मान टाकायचं. पण रविवारचा रोस्ट एकदम फक्कड. म्हणजे, असं सगळे म्हणायचे. मी कशी सांगणार?

मी राहायला गेले तो महिना थंडीचा. पहिल्याच रविवारी वर काहीतरी खडखडाट झाला आणि पाठोपाठ माझ्या खोलीत बर्फासारखा गार वारा घुसला. फर्नेस धडधडतोय आणि मी ब्लँकेटमध्ये कुडकुडतेय. शेवटी वर गेले. किचनच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या. अंकल जाडजूड पार्का घालून, कानांवर टोपी ओढून, ओव्हनकडे पाठ करून खुर्चीत बसलेले. बेसमेंटच्या दाराखाली ओला टॉवेल कोंबलेला.

"अंकल, खिडक्या?"

"असू दे."

"बाहेर मायनस आहे."

"मला माहीतेय. मी चाळीस विंटर काढलेत इथे."

दर रविवारी हेच. मी मनाशी पक्कं केलं की म्हातारा थोडा सरकलेला आहे, पण भाडं बरं आहे, तेव्हा गप्प बसावं. दोन थंड्या मी गप्प बसले. मग एकदा मला सर्दी झाली, ती काही केल्या हटेना, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी वर जाऊन विचारलंच, की अंकल, खिडक्या उघड्या ठेवायचा हा काय नवस आहे का?

ते ओशाळले. टोपी काढून हातात धरली. म्हणाले, "तुमच्यात चालत नाही ना गो. वास खाली जाऊ नये म्हणून. तुझं घर आहे ते."

मी मग खरं तेच बोलले. "अंकल, मला वास आवडतो."

"काय?"

"खाणार नाही मी. पण वास फार छान येतो. टॉवेलमधूनसुद्धा येतो."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, आणि लगेच हिशोब ध्यानात आल्यावर प्रचंड राग. "मग दोन विंटर मी काय गाढव म्हणून गारठलो?" त्यांनी ताडकन उठून एक खिडकी बंद केली. दुसरी मात्र तशीच ठेवली. म्हणाले, "तुला चालतं. तुझ्या आईला नाही चालणार. ती रविवारी तुझ्याशी व्हिडिओवर असते."

मी किती सांगितलं की वास फोनमधून जात नाही. ती खिडकी शेवटपर्यंत उघडी राहिली.

माझी आणि त्यांची ओळख खऱ्या अर्थाने झाली ती त्यानंतर. त्याआधी मी एक मोठा गुन्हा केला होता, तोही सांगून टाकते. एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी सहज म्हटलं, की अंकल, एवढे तास ओव्हन चालू ठेवण्यापेक्षा कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या द्या ना, लोण्यासारखं होईल. आमच्याकडे मटण असंच करतात. अंकल काही बोलले नाहीत. आठवडाभर बोलले नाहीत. रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेवायचा निरोपसुद्धा त्यांनी चिठ्ठीवर लिहून दारात सरकवला. मग एका संध्याकाळी खाली आले आणि दारातूनच म्हणाले, "शिट्टीने मांस घाबरतं. घाबरलेलं मऊ वेगळं आणि समाधानाने मऊ झालेलं वेगळं." एवढं बोलून वर गेले. माझ्या घराण्याची सगळी मटणं डोळ्यांसमोरून गेली. सगळी घाबरलेली.

शनिवारी ते मांस आणायचे. मला गाडी नव्हती, म्हणून माझी ग्रोसरी आणि त्यांचं मांस अशी आमची एक फेरी असायची. दुकानदार पोर्तुगीज होता आणि अंकलना बघितल्यावर तो आतल्या खोलीत निघून जायचा. कारण अंकल एकेक तुकडा उचलून, उलटापालटा करून, प्लास्टिकवरून बोटाने दाबून बघायचे आणि दुकानातल्या अनोळखी बायकांच्या ट्रॉलीत डोकावून सल्ले द्यायचे. एका बाईने छान लालभडक, चरबीचा लवलेश नसलेला तुकडा घेतला होता. अंकल तिला इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, ब्युटीफुल आहे, पण रोस्टला ब्युटीफुल कामाचं नाही." तिने ट्रॉली दुसऱ्या रांगेत नेली. परत येताना गाडीत मला समजावून सांगितलं. खांद्याचं घ्यायचं, ब्लेड रोस्ट. जनावर आयुष्यभर खांद्याने राबलेलं असतं, तिथे शिरा असतात, मध्ये मध्ये चरबीच्या रेघा असतात. शिजवल्यावर त्या शिराच विरघळतात आणि मांस सुटं होतं. ज्या भागाने कधी काम केलेलं नसतं, तो दिसायला नाजूक, पण एवढे तास ओव्हनमध्ये ठेवला की भुश्श्यासारखा कोरडा.

"माणसांचंही असंच असतं का, अंकल?" मी विचारलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं वाक्य येणार.

"मला काय माहीत? मी माणसं शिजवलेली नाहीत," अंकल म्हणाले.

रात्री त्या तुकड्याला मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडा ठेवायचा. सकाळी चर्चला जाताना बाहेर काढून ठेवायचा, चर्चहून आल्यावर टिपकागदाने कोरडा करायचा. मग बिडाच्या भांड्यात तेल तापवून सगळ्या बाजूंनी चांगला लाल करायचा, आणि हे करताना तो सारखा हलवायचा नाही. "चिकटलेलं दिसलं की लोक ओढतात. ओढू नये. त्याची बाजू झाली की ते आपणहून सोडतं." मग कांदे, लसूण, चमचाभर बॉटल मसाला, म्हणजे त्यांच्या वसईकडचा बाटलीत भरून ठेवायचा मसाला, थोडा व्हिनेगर आणि मांस अर्धं बुडेल इतकंच पाणी. घट्ट झाकण लावून आत. ओव्हनच्या बटणाशेजारी आंटीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या नेलपॉलिशचा एक ठिपका लावलेला होता. बटण त्या ठिपक्यावर आणायचं, बस. आकडा किती ते अंकलना विचारलं तर सांगता यायचं नाही.

एकदा झाकण लागलं की ते उघडायची कुणाची टाप नव्हती. आत काय चाललंय ते कानाने ओळखायचं. म्हणून तर ते ओव्हनकडे पाठ करून बसायचे. बघत बसलं की हात शिवशिवतात, म्हणायचे. मला वर बोलवून खुर्चीत बसवायचे आणि परीक्षा घ्यायचे. "ऐक. आता काय म्हणतंय?" सुरुवातीला मला फ्रीजचा आवाज ऐकू यायचा. "तो फ्रीज आहे, इचलकरंजी," असं म्हणून ते कपाळाला हात लावायचे. हळूहळू कळायला लागलं. आधी पातळ, उतावीळ अशी खदखद असते. मग ती बसते. मग शेवटी शेवटी आवाज जाड होतो, पाणी कमी आणि रस जास्त झाल्यासारखा. तो जाड आवाज सुरू झाला की बटाटे आणि गाजरं घालायची. तेव्हाच काय ते झाकण उघडतं, तेही पटकन.

मधला काळ सगळ्यात वाईट, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. साधारण अर्ध्या वाटेवर मांस आत घातलं होतं त्याहून कडक होतं. काटा जात नाही. "इथे सगळे घाबरतात," अंकल म्हणायचे. "म्हणतात, बिघडलं. बाहेर काढतात, कापतात, चावत बसतात, आणि मग आयुष्यभर सांगत सुटतात की बीफ चिवट असतं. अरे, तेव्हाच तर सोडायचं नसतं!" माझा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहता यावं म्हणून केलेला अर्ज तेव्हा अडकला होता. मी रोज संध्याकाळी साइट उघडून स्टेटस बघायचे. एकदा त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. "झाकण उघडू नको," म्हणाले. मला त्यांचा राग आला होता. त्या दिवशी मी परत स्टेटस बघितलं नाही, हेही खरं.

माझ्यासाठी ते बटाटे वेगळ्या भांड्यात करायचे. वेगळं भांडं, वेगळा चमचा, चमच्याच्या दांड्याला लाल टेप. तेच कांदे, तोच मसाला, मांस सोडून सगळं. ते भांडं त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी वापरू दिलं नाही. मी म्हटलं, एवढं कशाला, तर म्हणाले, "तू विश्वासाने खातेस ना? मग झालं."

आता एका किटलीकडे यायला हवं.

एका सकाळी त्यांनी चहाला किटली ठेवली आणि दाढी करायला गेले. मग दाढीवरून रेडिओकडे, रेडिओवरून समोरच्या माणसाचा बर्फ कुणी शोव्हल केला ते बघायला. किटली कोरडी पडून जळाली, अलार्म वाजला, मी खालून धावत आले. फार काही झालं नाही. भिंत थोडी काळी झाली. पण अलार्म त्यांच्या मुलीच्या फोनला जोडलेला होता. ती रिचमंड हिलला राहायची, हॉस्पिटलात नर्स होती. तासाभरात हजर. तिने काळी भिंत बघितली, वडिलांकडे बघितलं, आणि मग फ्रीजवर लावलेल्या औषधांच्या वेळा बघितल्या. त्यातल्या काही चुकल्या होत्या म्हणे.

"पपा, आय कान्ट डू धिस. मला रात्री झोप लागत नाही. स्टोव्ह काढून टाकू या. मायक्रोवेव्ह आहे, मी टिफिन लावते."

"मायक्रोवेव्हमध्ये रोस्ट होत नाही."

"दॅट्स द पॉइंट, पपा."

खूप वेळ वाद झाला. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तेच अंकलना जास्त लागत होतं. चहाची किटली काही मिनिटांची गोष्ट. हा माणूस रोस्टसाठी अर्धा दिवस ओव्हन चालू ठेवतो. शेवटी तह झाला. ईस्टरपर्यंत बघायचं. काही गडबड झाली नाही तर स्टोव्ह राहील. एक जरी चूक झाली, तर स्टोव्ह जाईल आणि त्यावर परत बोलणं नाही.

जाताना ती ड्राइव्हवेमध्ये माझ्याजवळ थांबली. "जस्ट कीप ॲन आय, प्लीज? काही वाटलं तर मला टेक्स्ट कर." मी हो म्हटलं. काय म्हणणार? तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आत आले तर अंकल किचनच्या खिडकीत उभे. सगळं बघितलेलं.

"काय, पोलिसात भरती झालीस वाटतं," म्हणाले. "युनिफॉर्म कधी देणार?"

त्यानंतर ते फार जपून वागायला लागले. स्टोव्ह बंद केला की "बंद केला" असं मोठ्याने बोलायचे. आधी मला हसू यायचं, मग यायचं बंद झालं. एकदा जिन्यात उभी असताना मला ऐकू आलं, ते तीन वेळा बोलले. बंद केला. बंद केला. बंद केला.

मग राखेचा बुधवार आला आणि ईस्टरआधीचे उपास सुरू झाले. उपवासकाळात अंकल मांसाला शिवायचे नाहीत, रविवारीसुद्धा नाही. त्यांच्या गावाकडे जुनी माणसं असंच पाळायची, आणि इथला फादर काही का म्हणेना, आपण आपलं पाळायचं. बिडाचं भांडं धुऊन, तेल लावून वरच्या फळीवर जायचं. तेवढे दिवस वरण, भात, मासे आणि भयंकर चिडचिड. त्या दिवसांत मी त्यांच्या वाटेला जात नसे. दुरूनच विचारायचे, की अंकल, किती राहिले? "तू मोजू नको, उपास माझा आहे," असं वसकन यायचे अंगावर. पण त्या वर्षी मला त्या उपासाचं बरं वाटलं होतं. रोस्ट नाही म्हणजे ओव्हन नाही, ओव्हन नाही म्हणजे चूक नाही. ईस्टरपर्यंत निभावलं की सुटलो.

त्यातल्याच एका शुक्रवारी मी ऑफिसमधून लवकर सुटले. बसमधून उतरून घराकडे वळले आणि वास आला. कांदा, व्हिनेगर, बॉटल मसाला, आणि त्याखाली तो खोल, जाड वास. मी स्वतःला सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या घरातला असेल. बॉटल मसाल्याचा वास एटोबिकोत दुसऱ्या कुणाच्या घरातून येणार होता?

वर गेले. अंकल खुर्चीत बसलेले. अंगात चर्चचा पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले, आणि कित्येक दिवसांत बघितला नव्हता असा खुशीतला चेहरा.

"आलीस? तुझे बटाटे ठेवलेत वेगळे. आज काय आवाज आहे बघ. ये, ऐक."

मी उभीच राहिले. आवाज खरोखर सुंदर होता, जाड आणि संथ. कुठे काही जळत नव्हतं. बटण ठिपक्यावर होतं. खिडकी उघडी होती. त्यांनी एकही गोष्ट चुकवली नव्हती.

"आज चर्चमध्ये पब्लिकच नाही," ते सांगत होते. "चार म्हाताऱ्या आणि मी. स्नो पडला की सगळ्यांची भक्ती गारठते."

"अंकल," मी म्हटलं. "अंकल, आज शुक्रवार आहे."

ते हसले. मी थट्टा करतेय असं वाटलं त्यांना. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेवर गेली, गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डावर गेली. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्याच्या मागचं सगळं निघून गेलं. मला ते बघवलं नाही.

"शुक्रवार," ते म्हणाले. "आणि उपास चालू आहे."

"हो."

त्यांनी उठून ओव्हन बंद केला. "बंद केला" असं या वेळी बोलले नाहीत.

मी पटकन म्हणून गेले, की मी कुणाला काही सांगणार नाही, अंकल. मी बाहेर नेऊन टाकते, भांडं घासते, कुणाला कळणारसुद्धा नाही. मला त्यांचा स्टोव्ह वाचवायचा होता, दुसरं काही डोक्यात नव्हतं. अंकलनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी लहान झाले.

"का? मी काय चोर आहे?"

आणि त्यांनी स्वतः फोन उचलून मुलीला लावला. "जेवायला ये," म्हणाले. "माझ्याकडून आज एक चूक झालीय. गरम आहे तोवर ये."

ती युनिफॉर्मवरच आली. दारातच थबकली, कारण तिलाही वास आला आणि तिलाही वार माहीत होता. अंकलनी टेबलावर तिच्यासाठी ताट मांडलं, त्यात एकच चमचा. सुरी ते कधीच ठेवायचे नाहीत. सुरी लागली तर रोस्ट नापास.

"पपा, आज फ्रायडे—"

"पाप माझ्या नावावर लिही. तू खा."

ती बसली. चमचा लावला आणि मांस आपोआप सुटं झालं. तिने पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि मग ती खाता खाताच रडायला लागली. "इट्स द बेस्ट वन," ती म्हणाली. "पपा, इट्स द बेस्ट वन यू एव्हर मेड."

अंकल समोर वरणभात कालवत बसले होते. "हाताला येतं अजून," ते म्हणाले. "हाताला वार कळत नाहीत."

तिचं जेवण संपेपर्यंत ते थांबले. मग स्टोव्हपाशी गेले आणि त्याची बटणं एकेक करून ओढून काढली. ती निघतात हे मला माहीतही नव्हतं. ओंजळीत घेऊन आले आणि मुलीला म्हणाले, "स्टोव्ह नेऊ नको. भिंतीला भोक पडल्यासारखं दिसेल. बटणं ने." मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिच्यासमोर धरलेली ओंजळ त्यांनी माझ्याकडे वळवली. "नाहीतर हिच्याकडेच राहू देत. ही खालीच असते."

तिने डोळे पुसत मान हलवली. मी ती बटणं चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. पुढचे कित्येक दिवस तो डबा माझ्या शेल्फवर होता आणि चहा करताना मी त्याच्याकडे बघायचं टाळायचे.

ईस्टरला मुलगी म्हणाली, माझ्याकडे चला, हॅम ऑर्डर केलाय. अंकल म्हणाले, हॅम तू खा. शेवटी आदल्या दिवशी तीच रोस्टसाठी तुकडा घेऊन आली, तोही अगदी देखणा, चरबी नसलेला. अंकलनी तिला तो बदलून ब्लेड रोस्ट आणायला पाठवलं. ईस्टरच्या सकाळी मी डबा घेऊन वर गेले आणि बटणं बसवली.

"आज तू कर," अंकल तिला म्हणाले. "मी सांगतो."

तिने कधी केला नव्हता. त्यांनी कधी हात लावू दिला असेल तर ना! ती घाबरत घाबरत मांस लाल करत होती आणि अंकल सुरात आले होते. हलवू नको. ओढू नको. तुझ्या पेशंटांशीही अशीच वागतेस का? मी बाजूला कांदे सोलत मजा बघत होते. झाकण लागलं, भांडं आत गेलं. आम्ही बोलत बसलो, आणि बऱ्याच वेळाने आवाज बदलला. मी ऐकला. मी अंकलकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"पपा, बटाटे कधी घालायचे?" मुलीने विचारलं.

अंकलनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. त्यांनी ओव्हनकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि मग माझ्याकडे. ती नजर अशी होती, की परीक्षेला बसलेलं पोर शेजारच्याच्या पेपरात बघतं तशी.

"आत्ता," मी म्हटलं. "आवाज जाड झालाय बघ. आत्ताच घाल, आणि झाकण लगेच लाव."

"हिला विचार," अंकल हळूच म्हणाले. "हिला येतं."

ती मला विचारत गेली आणि मी सांगत गेले. एका कडेने बटाटे, दुसऱ्या कडेने गाजरं, मांसावर काही टाकायचं नाही. अंकल मध्ये एक शब्द बोलत नव्हते. मी मुद्दाम थांबत होते, त्यांना जागा देत होते, तरी नाही. ज्या माणसाने मला फ्रीजच्या आवाजावरून नापास केलं होतं, तो माणूस मी सांगते त्याला मान डोलावत होता. मला ते सहन होईना. बटाटे संपले होते, झाकण अजून तिच्या हातात होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता वरून चमचाभर गरम मसाला घाल."

मुलीने बिचारीने झाकण खाली ठेवलं आणि मसाल्याचा डबा उचलला. डब्याचं झाकण काढलं. चमचा आत घातला.

"गरम मसाला?" अंकल म्हणाले.

ते खुर्चीतून उठले. "गरम मसाला? यात? अरे, हा काय तुमचा तांबडा रस्सा आहे? एवढी वर्षं माझ्या घरात राहिली, माझे बटाटे खाल्ले, आणि ईस्टरच्या दिवशी माझ्या रोस्टमध्ये गरम मसाला! ठेव तो डबा. ठेव आधी! आणि झाकण लाव, वाफ चाललीय सगळी! आजपासून हिचं काही ऐकायचं नाही. शिट्टीवाली आहे ही, शिट्टीवालीच राहणार!"

"सॉरी, अंकल," मी म्हटलं.

"सॉरीने काय होतंय? गाजरं कमी पडलीत, दिसत नाही? ती कोण सोलणार, तुझी आई?"

मी वॉशरूममध्ये गेले, दार लावलं आणि नळ सोडून पोटभर रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि गाजरं सोलायला घेतली.